संकटकाळी प्रार्थनेचे बळ

संकट कुणाला चुकले आहे? पाऊस दगा देतो. पेरलेले उगवत नाही. घरातला कर्ता माणूस अंथरुणाला खिळतो. सोसायटीचे देणे डोक्यावर असते. चुलीत जाळ असतो, पण तव्यावर टाकायला भाकरी नसते. अशा वेळी माणूस म्हणतो, "आता माझ्याच्यानं होत नाही."

अशा वेळी ख्रिस्ती माणसे प्रार्थना करतात. एवढेच नव्हे, तर ती देवाची स्तुती गातात. हे ऐकून कुणी विचारील, "अहो, पोटात अन्न नाही, मग गाणं सुचतं कसं? चांगलं झालं तर आभार मानावे. वाईट झाल्यावर स्तुती कसली करायची?"

प्रश्न रास्त आहे. या पाठात त्याचे उत्तर शोधू.

प्रार्थना आणि स्तुती

प्रार्थना म्हणजे देवाशी बोलणे. त्याला अवघड शब्द लागत नाहीत. लेकरू आईशी बोलते तेव्हा शब्द निवडत बसते का? येशूने आपल्या शिष्यांना एक प्रार्थना शिकवली. ती इतकी लहान आहे की म्हणायला एक मिनिटही लागत नाही. तिच्यात देवाला बाप म्हटले आहे. आणि पोटासाठी मागणे किती? तर आजच्या दिवसाची भाकर. वर्षाची कणगी भरून दे, असे तिच्यात नाही. उद्याचा भार आजच डोक्यावर घेऊ नये, हे त्यातून शिकायचे. आणखी एक गोष्ट पाहा. त्या प्रार्थनेत 'मला दे' असे नाही, 'आम्हांला दे' असे आहे. म्हणजे शेजाऱ्याची भाकरही आपल्या मागण्यात आली.

स्तुती म्हणजे देव कसा आहे आणि त्याने आजवर काय केले, हे आठवून बोलणे किंवा गाणे. प्रार्थनेत माणूस आपली गरज सांगतो. स्तुतीत तो क्षणभर गरज बाजूला ठेवतो आणि देवाकडे पाहतो. संकटात दोन्ही लागतात.

देवापुढे रडायला मनाई नाही

कुणाला वाटेल, स्तुती करायची म्हणजे दुःख लपवायचे आणि खोटे हसायचे. तसे मुळीच नाही. बायबलात स्तोत्रांचे एक मोठे पुस्तक आहे. त्यात १५० स्तोत्रे आहेत. त्यांतली पुष्कळ स्तोत्रे म्हणजे उघड उघड रडणे आहे. देवा, तू कुठे गेलास? तू मला विसरलास का? वैरी मला हसतात, हे तुला दिसत नाही का? अशा अर्थाची बोलणी त्यांत जागोजागी आहेत.

पण या स्तोत्रांची एक रीत आहे. रडून झाले की गाणारा जुन्या गोष्टी आठवतो. आपल्या वाडवडिलांना देवाने कसे तारले, ते स्वतःला सांगतो. मग त्याचा सूर बदलतो आणि शेवटी तो स्तुतीवर येतो.

सगळीच स्तोत्रे मात्र अशी संपत नाहीत. ८८ वे स्तोत्र शेवटपर्यंत अंधारातच राहते. त्यात उजाडतच नाही. तरीही ते स्तोत्र पुस्तकातून कुणी काढून टाकले नाही. ज्याला आज स्तुती करणे जमत नाही, ज्याच्या तोंडून फक्त हुंदका निघतो, त्याची प्रार्थनाही प्रार्थनाच आहे.

तुरुंगातले गाणे

येशूनंतर काही वर्षांनी पौल नावाचा त्याचा एक सेवक होऊन गेला. पौल आणि त्याचा सोबती सीला हे फिलिप्पै नावाच्या गावी गेले. हे गाव आजच्या ग्रीस देशात होते. तिथे काही धनवानांच्या कमाईला धक्का लागला. त्यांनी या दोघांवर बालंट घेतले. दोघांना छड्यांनी फोडून काढले, आतल्या कोठडीत टाकले आणि पाय खोड्यात अडकवले.

मध्यरात्र झाली. पाठी सोलवटलेल्या, पाय अडकलेले. आणि ते दोघे प्रार्थना करीत होते, देवाची गाणी गात होते! बाकीचे कैदी कान देऊन ऐकत होते. पुढे भूकंप झाला आणि दारे उघडली, असे बायबल सांगते. तुरुंगाच्या नाईकाला वाटले, कैदी पळाले, आता आपली धडगत नाही. तो तलवार काढून जीव देणार, तोच पौलाने ओरडून त्याला थांबवले. कुणीही पळाले नव्हते. त्या नाईकाने मग दोघांच्या जखमा धुतल्या आणि त्यांना घरी नेऊन जेवू घातले.

या गोष्टीत एक गोष्ट नीट ध्यानात घेण्याजोगी आहे. दारे उघडली म्हणून ते गायले नाहीत. ते गायले तेव्हा दारे बंदच होती. दार उघडेल की नाही, हे त्यांना ठाऊक नव्हते. त्यांचे गाणे हा काही दार उघडायचा मंत्र नव्हता. पौल पुढेही तुरुंगात पडला आणि प्रत्येक वेळी भूकंप झाला नाही. तरी त्याने तुरुंगातून जी पत्रे लिहिली, त्यांत आनंद करा, असे तो पुन्हा पुन्हा सांगतो.

खुद्द येशूचे काय झाले? पकडला जाण्याच्या रात्री तो एका बागेत गुडघे टेकून प्रार्थना करीत होता. हे दुःख माझ्यावरून टळू दे, असे त्याने मागितले. तीनदा मागितले. पण शेवटी, माझ्या मनासारखे नको, तुझ्या मनासारखे होऊ दे, असेही तो म्हणाला. दुःख टळले नाही. पण तो उठला आणि पकडणाऱ्यांना सामोरा गेला. प्रार्थनेने त्याला उभे राहण्याचे बळ मिळाले.

केडगावच्या रमाबाई

आता आपल्याच मुलखातली हकीकत ऐका. पंडिता रमाबाईंचे नाव पुष्कळांनी ऐकले असेल. त्यांचा जन्म १८५८ सालचा. वडील अनंतशास्त्री डोंगरे मोठे विद्वान होते. बायकांना शिकवू नये, असा तो काळ. पण या घरात मुलीला संस्कृत शिकवले गेले. दुष्काळ पडला आणि घर उद्ध्वस्त झाले. वडील गेले, आई गेली, थोरली बहीण गेली. रमाबाई आणि त्यांचा भाऊ पायी देशभर फिरले. १८८० साली भाऊही गेला. त्याच वर्षी त्यांचे लग्न झाले. १८८२ साली नवरा पटकीने गेला. पदरात वर्षाचीही न झालेली मुलगी. वय अवघे तेवीस!

१८८३ साली इंग्लंडात असताना रमाबाईंनी ख्रिस्ती धर्म स्वीकारला. परत आल्यावर १८८९ साली त्यांनी मुंबईत विधवांसाठी 'शारदा सदन' ही शाळा काढली. ती पुढे पुण्याला नेली. तिथे लोकांचा रोष झाला आणि पुष्कळ पालकांनी आपल्या मुली काढून नेल्या.

१८९६ साली मध्य प्रांतात मोठा दुष्काळ पडला. आईबाप मेलेल्या पोरी रस्त्यावर आल्या. रमाबाईंना आपला दुष्काळ आठवला. त्या तिकडे गेल्या आणि सुमारे तीनशे मुली-बायका घेऊन आल्या. त्यांची नुसती हाडे उरली होती. काही जणी वाचल्याही नाहीत. त्यातच पुण्यात प्लेग आला. इतक्या जणींना शहरात ठेवणे कठीण झाले. केडगावला रमाबाईंची जमीन होती. हे गाव पुणे जिल्ह्यात, दौंड तालुक्यात आहे. तिथेच त्यांनी सगळ्यांची सोय केली. त्या जागेचे नाव 'मुक्ती'. पुढे १८९९ - १९०० चा दुष्काळ आला, तेव्हा मुक्तीतल्या माणसांची संख्या दीड हजारावर गेली.

दीड हजार तोंडे! रोजची भाकर आणायची कुठून? रमाबाई रोज प्रार्थना करीत. मुलींनाही प्रार्थना आणि भजन शिकवीत. पण प्रार्थना करून त्या हात जोडून बसल्या नाहीत. मुक्तीत शेती होती, गुरे होती, माग होते, तेलाचा घाणा होता. शाळा होती, छापखाना होता. छापखान्यात बायकाच खिळे जुळवीत. पहाटे देवापुढे गुडघे टेकायचे आणि दिवसभर कामाला हात लावायचे, असा तिथला क्रम होता.

रमाबाईंनी उतारवयात बायबलाचे सोप्या मराठीत भाषांतर केले. साध्या बायकांना ते वाचता यावे, ही त्यांची तळमळ होती. १९२१ च्या जुलैमध्ये त्यांची एकुलती एक मुलगी मनोरमा वारली. आई-बाप, बहीण, भाऊ, नवरा आणि आता लेक. तरीही भाषांतराचे काम त्यांनी सोडले नाही. ५ एप्रिल १९२२ रोजी त्यांनी डोळे मिटले. केडगावची मुक्ती आजही उभी आहे.

आपल्या बोलीतली स्तुती

पूर्वी मराठी ख्रिस्ती लोक पुष्कळशी गाणी परदेशी चालींवर गात. खेड्यातल्या माणसाच्या गळ्यात ती बसत नसत. १८९५ साली नारायण वामन टिळक हे कवी ख्रिस्ती झाले. त्यांनी अभंग, ओव्या आणि भजने लिहिली. टाळ-मृदंगावर म्हणता येतील अशी गाणी लोकांना मिळाली. अहमदनगर, म्हणजे आताचे अहिल्यानगर, हे त्यांच्या कामाचे मोठे ठिकाण होते.

त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाई. लग्न झाले तेव्हा त्यांना लिहिता-वाचता येत नव्हते. टिळकांनी त्यांना अक्षरे शिकवली. त्याच लक्ष्मीबाईंनी पुढे 'स्मृतिचित्रे' हे मोठे पुस्तक लिहिले. टिळकांचे 'ख्रिस्तायन' हे काव्य अपुरे राहिले होते. ते त्यांच्या मागे लक्ष्मीबाईंनी पुढे नेले. नवे वाचायला शिकलेल्या आपल्या बहिणींनी हे अवश्य ध्यानात ठेवावे.

बळ येते ते कसे?

डोक्यावर हंडा घेताना बायका खाली चुंबळ ठेवतात. चुंबळीने हंडा हलका होत नाही. पाणी तेवढेच असते, वाट तेवढीच असते. पण डोके ठणकत नाही, तोल सुटत नाही आणि हंडा घरी पोचतो. प्रार्थना आणि स्तुती यांचे काम असेच आहे.

संकटात माणसाला संकटच तेवढे दिसते. डोळ्यांपुढे तळहात धरला की डोंगरसुद्धा दिसत नाही. स्तुती करताना माणूस मागचे चांगले आठवतो. मागचा दुष्काळ निभावला, तापातून पोर उठले, अडचणीला अमका धावून आला. आठवण झाली की धीर येतो.

दुसरे, मनातले बोलून टाकले की मन मोकळे होते. जे शेजाऱ्याला सांगता येत नाही, ते देवाला सांगता येते.

तिसरे, चारचौघांत गाताना सगळ्यांचा सूर एक होतो, श्वास संथ होतो. आपण एकटे नाही, हे कळते. रात्री भजनाला आलेला माणूस सकाळी पीठ घेऊन दारात येतो. देव पुष्कळदा शेजाऱ्याच्या हातानेच देतो.

आणि चौथे, ख्रिस्ती माणसाची अशी श्रद्धा आहे की प्रार्थना ऐकणारा खरोखर आहे, आणि त्याने स्वतः दुःख भोगले आहे. बाकीचे सगळे बळ या एका श्रद्धेवर उभे आहे.

दोन गोष्टी संभाळा

प्रार्थना म्हणजे सौदा नव्हे. 'देवा, तू एवढे कर, मग मी तेवढे करीन,' असा भाव ठरवायचा नाही. मागावे जरूर. पण उत्तर आपल्या मनासारखेच येईल, असे धरून बसू नये. आणि कुणाचे संकट टळले नाही, तर त्याची प्रार्थना कमी पडली, असे त्याला कधीही म्हणू नये. त्या बिचाऱ्याच्या दुःखात भर कशाला?

दुसरी गोष्ट, प्रार्थना करतो म्हणून औषध सोडू नये. ताप आला, साप चावला, बाळंतीण अडली, तर आधी दवाखाना गाठावा. प्रार्थना वाटेतही करता येते. कर्जाने जीव नकोसा झाला, मनात वेडेवाकडे विचार येऊ लागले, तर ते लपवू नका. घरच्यांना सांगा, पाळकांना सांगा, डॉक्टरांना दाखवा. मदत मागणे म्हणजे श्रद्धा कमी असणे नव्हे.

सुरुवात कशी करावी?

पहाटे किंवा निजताना पाच मिनिटे शांत बसा. आता तुम्हांला वाचता येते. एक लहान स्तोत्र मोठ्याने वाचा. घरच्यांनाही ऐकू द्या. अडखळलात तरी हरकत नाही. मग आजची अडचण आहे तशी देवाला सांगा. मागची एक चांगली गोष्ट आठवून तिचे आभार माना. शेजारच्या एका दुःखी माणसाचे नाव घेऊन त्याच्यासाठी मागा. येत असेल तर एक भजन म्हणा.

मग उठा आणि कामाला लागा. ज्याच्यासाठी मागितले, त्याच्या घरी एकदा जाऊन या. प्रार्थनेत तोंडाने जे मागितले, त्यातले थोडे आपल्या हातानेही होऊ द्यावे.