"मुलीचा फॉर्म का?"

जून-जुलै आला की आमच्या गावातल्या कॉलेजच्या खिडकीपुढे रांग लागते. त्या रांगेत साडीतली, चाळिशीची बाई दिसली की क्लार्क हमखास विचारतो, "मुलीचा फॉर्म का?" ती "नाही, माझाच" म्हणाली की मागच्या पोरी एकमेकींकडे बघून हसतात. वाईट हेतू कुणाचाच नसतो. पण घरच्यांची मनधरणी करून, सासूबाईंच्या औषधांच्या वेळा सांभाळून तिथवर आलेली बाई तेवढ्यानेच निम्मी खचते.

महिला मंडळाच्या कामात अशा पाच-सहा जणींना मी कॉलेजपर्यंत पोचवलं. बीएला वय आडवं येत नाही, प्रवेश मिळतो. फक्त शिक्षणात खंड पडल्याचं प्रतिज्ञापत्र द्यावं लागतं, त्याला गॅप सर्टिफिकेट म्हणतात. मधल्या वर्षांत काय केलं ते त्यात लिहायचं. आमच्यातल्या एकीने लिहून नेलं, 'दोन मुलं वाढवली, सासऱ्यांचं आजारपण काढलं, शिवणकाम केलं.' टायपिस्टने सरळ 'घरगुती कारण' असं टाइप केलं! वीस वर्षं दोन शब्दांत संपली.

खरी अडचण वर्गात सुरू होते. सगळे 'काकू' म्हणतात, प्रेमानेच म्हणतात. पण काकू म्हटलं की ती वर्गमैत्रीण राहत नाही. प्रोजेक्टचे गट पाडताना उरते. व्हॉट्सअॅपच्या ग्रुपवर नोट्स येतात, त्यात हिला कुणी घेतलेलंच नसतं. सहलीला विचारलंच तर मुलींवर लक्ष ठेवायला! आणि सर तिला प्रश्न विचारायलाही संकोचतात. हा मान तिला नको असतो हो, वही तपासून हवी असते.

वयाचा फटका उलट्या बाजूनेही बसतो. तासिका तत्त्वावर आलेल्या चोवीस वर्षांच्या मॅडमना स्टाफरूममध्ये 'बाळ' म्हणतात, आणि गॅदरिंगची रांगोळी त्यांच्याच गळ्यात पडते.

आपल्याकडे हे नवं आहे असंही नाही. महर्षी कर्व्यांच्या मेहुणी पार्वतीबाई आठवले विधवा झाल्यावर, मोठ्या वयात शिकल्या. १९१८ साली, पन्नाशीला आलेल्या असताना, त्या इंग्रजी शिकायला अमेरिकेला गेल्या आणि तिथे लोकांच्या घरी घरकाम करून शिकल्या. १९८९ साली नाशिकला यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठ सुरू झालं, तेव्हा घर सांभाळणाऱ्या कितीतरी बायकांना पदवीची वाट मिळाली. २०२२ मध्ये तर डॉक्टर होण्यासाठीच्या 'नीट' परीक्षेची कमाल वयोमर्यादाही काढून टाकली. दार उघडलं, पण आतली माणसं सरकून जागा देतील तेव्हा ना!

संविधानाच्या कलम १५ मध्ये धर्म, वंश, जात, लिंग, जन्मस्थान यांवरून भेदभाव करायला मनाई आहे. त्या यादीत वय नाही. म्हणून हे काम कॉलेजलाच करावं लागतं. युजीसीच्या २०२३ च्या नियमांप्रमाणे कॉलेजमध्ये विद्यार्थी तक्रार निवारण समिती असायला हवी. पण 'मला काकू म्हणतात' अशी तक्रार घेऊन कोण जाणार?

ती शिवणकाम करणारी दिवाळीनंतर कॉलेजला जाईनाशी झाली. "ताई, तिथे मी पाहुणी वाटते," म्हणाली. मी तिला घेऊन प्राचार्यांकडे गेले. हजेरीचा धाक घालतील असं वाटलं होतं, पण त्यांनी ऐकून घेतलं. गट रोल नंबरने पाडायचे, नोट्स ग्रंथालयातही ठेवायच्या आणि सरांनी हजेरी घेताना तिला नावाने हाक मारायची, एवढं ठरलं. पैसा एकही लागला नाही.

गटात आलेल्या पोरींना तिचं अक्षर आवडलं, तिला त्यांचं इंग्रजी. परीक्षेत एक विषय राहिलाच. निकालाच्या दिवशी त्यातल्या एकीचा फोन आला, "काकू, माझाही तोच राहिलाय. तुमच्याकडे येऊ का अभ्यासाला?"

'काकू' काही सुटलं नाही. पण दुपारी शिवणयंत्र बंद असतं आणि दोघी पुस्तक उघडून बसलेल्या असतात.