रविवारची सुटी : समज आणि वस्तुस्थिती

बेळगावास लष्करी छावणी, कॅम्पात गिरिजाघरे आणि शहरात मिशनच्या शाळा असल्यामुळे, रविवारची सुटी ही इंग्रज सरकारची मेहेरबानी होय, हा समज पिरनवाडीसारख्या लगतच्या गावांत पिढ्यान्‌पिढ्या रुजला. कचेऱ्यांपुरता तो बऱ्याच अंशी खरा. परंतु हातावर पोट असणाऱ्याला रविवार कोणी बहाल केला नाही. मुंबईच्या गिरण्यांत सूर्योदयापासून सूर्यास्तापर्यंत राबणाऱ्या मजुरांपैकी, १८८१ च्या कायद्याने महिन्याकाठी चार सुट्या दिल्या त्या केवळ मुलांना. जोतीराव फुले यांचे सत्यशोधक सहकारी व ‘दीनबंधु’चे संपादक नारायण मेघाजी लोखंडे यांनी १८८४ साली सभा भरवून, साडेपाच हजार कामगारांच्या वतीने जो अर्ज केला, त्यात रविवारी पूर्ण सुटी ही प्रमुख मागणी होती. सहा वर्षे ती मागणी लोंबकळत राहिली. २४ एप्रिल १८९० रोजी सुमारे दहा हजार कामगार एकत्र जमले. त्या सभेत दोन कामगार स्त्रियाही बोलल्या, ही गोष्ट मला विशेष मोलाची वाटते. १० जून १८९० रोजी गिरणीमालकांनी मागणी मान्य केली आणि पुढल्या वर्षी साप्ताहिक सुटी कायद्यात आली.

दुसरा समज असा, की विश्रांतीचा वार मुळापासून रविवारच. ज्यूंचा वार शनिवार. कुलाबा जिल्ह्यात तेलाचे घाणे चालवणारे बेने इस्रायल त्या दिवशी घाणा बंद ठेवीत, म्हणून लोक त्यांना ‘शनवार तेली’ म्हणत. रविवारी न्यायालये व शहरातील कारागिरी बंद ठेवण्याचा हुकूम रोमन बादशहा कॉन्स्टंटाइनने इ. स. ३२१ मध्ये काढला, तोही शेतकऱ्यांना कामाची मुभा देऊन. कारण पेरणीची वाफ साधायची तर वार पाहून भागत नाही.

आपल्याकडे रविवार खंडोबाचा, जोतिबाचा, श्रावणात आदित्यपूजनाचा. मात्र पूजेचा वार म्हणून तो सुटीचा ठरला नाही. पाठशाळांचे अनध्याय अष्टमी, चतुर्दशी, पौर्णिमा अशा तिथींवर असत. सीमाभागातील गावे ग्रामदेवतेसाठी ‘वार पाळणूक’ करतात, ती बहुधा मंगळवारी. त्या दिवशी शिवारात औत जात नाही.

रविवारीच सुटी मिळाली पाहिजे असे कायदा म्हणतो, हाही गैरसमजच. २०२५ पर्यंत लागू असलेल्या १९४८ च्या कारखाना कायद्यात रविवार हा साप्ताहिक सुटीचा वार असला तरी त्याऐवजी दुसरा वार देण्याची सोय होती. कर्नाटकाच्या १९६१ च्या दुकाने व आस्थापने कायद्यानुसार आठवड्यातून एक पूर्ण दिवस सुटी देणे बंधनकारक आहे. सबब, खानापूर रस्त्यावरील हॉटेलांत आणि गॅरेजांत सातही दिवस खपणाऱ्या मुलांनी हा हक्क निःसंकोच मागावा, आणि मालकांनी तो मागण्यापूर्वीच द्यावा.