भाव असेल तरच भंगार
घरातला कचरा : लेखांक ५

ओल्या कचऱ्याच्या खतावरचा मागचा लेखांक वाचून अनेकांनी एकच शंका विचारली. सुका कचरा वेगळा ठेवून उपयोग काय, शेवटी घंटागाडीत सगळं एकत्रच जातं ना? काही ठिकाणी जातं, तक्रार रास्त आहे. पण गाडी हा या कचऱ्याचा एकमेव रस्ता नव्हे. दुसरा रस्ता गल्लीच्या तोंडाशी असलेल्या भंगाराच्या दुकानातून जातो. तिथे काय घेतात, काय परत करतात आणि कशाला किती भाव देतात, हे पाहिलं की पुनर्वापराचं सगळं अर्थशास्त्र कळतं.

सर्वांत आधी अ‍ॅल्युमिनियम. चेपलेलं पातेलं, कुकरचं जुनं झाकण, शीतपेयाचा डबा यांना भंगारवाला कधी नाही म्हणत नाही. कारण नवीन अ‍ॅल्युमिनियम फार महागात पडतं. एक टन धातूसाठी चार-पाच टन बॉक्साइट खणावं लागतं. आपल्याकडे ते कोल्हापूरच्या पश्चिमेकडच्या पठारांवर सापडतं, म्हणजे खाणीसाठी सह्याद्रीचा माथाच सोलायचा. मग कॉस्टिक सोड्यात शिजवून त्यातून अ‍ॅल्युमिना वेगळा काढतात. मागे उरणारा क्षारयुक्त लाल चिखल कुठे साठवायचा हा प्रश्न जगभर कुणालाच नीट सुटलेला नाही. पुढे अ‍ॅल्युमिनापासून धातू मिळवायला टनामागे सुमारे १४ हजार युनिट वीज लागते. महिन्याला १०० युनिट वापरणाऱ्या घराला ती अकरा वर्षांहून अधिक पुरेल! जुनं पातेलं मात्र ६६० अंशांना वितळतं आणि पुन्हा धातू तयार. सुमारे ९५ टक्के ऊर्जा वाचते. भंगारवाला मोजतो तो भाव म्हणजे या वाचलेल्या विजेतलाच वाटा आहे. इथे पर्यावरणाचा फायदा आणि पैशाचा फायदा एकाच काट्यावर तोलले जातात.

काचेचं तसं नाही. काच कितीही वेळा वितळवा, तिचा कस उतरत नाही. भट्टीत दहा टक्के जुनी काच घातली की अडीच-तीन टक्के ऊर्जा वाचते. पण काच जड, वाहतूक खर्चिक, फुटली तर वेचणाऱ्याचे हात कापणार. त्यामुळे भाव नगण्य, आणि बरेच दुकानदार ती घेतच नाहीत. माझ्या मते बाटली वितळवण्यापेक्षा धुऊन पुन्हा भरणं केव्हाही श्रेष्ठ. सोड्याच्या आणि बिअरच्या बाटल्यांचं हे चक्र आपल्याकडे वर्षानुवर्षं चालत आलंय. लोणच्याच्या बरणीचं का चालू नये, हे कोडंच आहे.

कागदाचं आयुष्य मर्यादित असतं. दर फेरीत त्याचे तंतू आखूड होतात, पाच-सात फेऱ्यांनंतर ते कामाचे राहत नाहीत. तोवर मात्र वर्तमानपत्राची रद्दी, वह्यांचा पांढरा कागद आणि पुठ्ठा यांना वेगवेगळा भाव मिळतो. आमटी सांडलेल्या पुठ्ठ्याला किंवा तेलकट कागदाला कुणी हात लावत नाही. आपल्या कागद गिरण्या परदेशातून जहाजं भरभरून रद्दी मागवतात आणि आपल्याच स्वयंपाकघरातला कागद भाजीच्या देठांबरोबर कुजतो. याला उधळपट्टीच म्हणायचं.

प्लास्टिकविषयी गोड गैरसमज फार. पाण्याच्या बाटलीपासून पॉलिस्टरचा धागा निघतो, दुधाच्या पिशवीचे दाणे करून पाइप बनतात. दोन्हींना गिऱ्हाईक आहे. वेफर्सच्या चकचकीत पाकिटाला नाही. प्लास्टिक आणि धातूचे थर इतके घट्ट चिकटवलेले असतात की ते सुटे करणं परवडत नाही. पाकिटावर पुनर्वापराचे बाण छापून त्याला भाव येत नाही. ही जबाबदारी गृहिणीची नाही, पाकीट बनवणाऱ्या कंपनीची आहे.

हा सगळा डोलारा उभा आहे तो कचरा वेचणाऱ्या बायांच्या श्रमावर. १९९३ साली पुण्यात त्यांनी डॉ. बाबा आढाव यांच्या नेतृत्वाखाली संघटना बांधली, तिचं नावच मुळी ‘कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत’. २००८ मध्ये तिच्यातूनच उभ्या राहिलेल्या ‘स्वच्छ’ या सहकारी संस्थेचा पुणे महापालिकेशी करार झाला. सभासद दारोदारी जाऊन कचरा गोळा करतात, घराघराकडून महिन्याला शुल्क घेतात आणि वेचलेला माल विकून आलेले पैसे त्यांचेच राहतात. त्यांनी उचललेलं प्रत्येक पोतं वाहून न्यायचा आणि पुरायचा खर्च पालिकेला करावा लागत नाही. या बचतीचा हिशोब अंदाजपत्रकात कुठल्या रकान्यात दिसतो? मला तरी दिसलेला नाही.

आणि न उचललेल्याचं काय होतं, ते मुंबईच्या देवनारला विचारा. १९२७पासून तिथे कचऱ्याचे डोंगर रचले जाताहेत. कुजणाऱ्या ओल्या कचऱ्यातून मिथेन निघतो, शेजारी कागद-प्लास्टिक असतंच. जानेवारी २०१६ मध्ये तिथे लागलेल्या आगीचा धूर उपग्रहाच्या छायाचित्रांत दिसला होता.

घरात करायचं काम त्यामानाने थोडं आहे. ओलं आणि सुकं एका डब्यात जाऊ देऊ नका. सुक्याचा भाव तिथेच बुडतो. दुधाची पिशवी विसळून वाळवा. तिचा कोपरा कापून पूर्ण तोडू नका, तो इवलासा तुकडा वेचणं कुणालाच जमत नाही. फुटकी काच जाड कागदात गुंडाळून वेगळी द्या आणि देताना तोंडाने सांगा. कचरा न्यायला येणाऱ्या ताईंचं महिन्याचं शुल्क वेळेवर द्या, त्यावर घासाघीस नको.

पुढच्या लेखांकात ई-कचरा. कपाटात पडलेले जुने मोबाइल, चार्जर आणि बॅटऱ्या तोवर कुठेही टाकू नका.