इंटरनेट कंपनीतील नोकरी : सुख आणि सल

आजच्या विषयाचे नाव वाचून आमच्या काही वडीलधाऱ्या श्रोत्यांना वाटले असेल की, नोकरी ती नोकरी. ती सरकारी कचेरीत केली काय किंवा इंटरनेटच्या कंपनीत केली काय, महिनाअखेर पगार हाती पडला म्हणजे झाले. तिच्यातील आवडीनिवडींवर व्याख्यान ते कसले? परंतु आज आपल्यातील कितीतरी घरांचा मुलगा, लेक किंवा सून हिंजवडीस, बंगळूरास, नाही तर थेट कॅलिफोर्नियात अशाच एखाद्या कंपनीत काम करीत असते. पगाराचा आकडा ऐकून शेजारीपाजारी तोंडात बोटे घालतात. तरीही फोनवर त्या मुलाचा आवाज कधीकधी उतरलेला असतो, आणि त्याला नेमके काय खुपते आहे हे आईवडिलांना उमगत नाही. ते थोडेफार उमगावे, एवढाच या विवेचनाचा हेतू आहे.

अशा कंपन्या पुष्कळ आहेत. सर्वांचा एकदम विचार करू गेल्यास हाती काहीच लागणार नाही. म्हणून आम्ही गूगल हे एकच उदाहरण घेतो. लॅरी पेज आणि सर्गे ब्रिन या स्टॅनफर्ड विद्यापीठातील दोन विद्यार्थ्यांनी १९९८ साली कॅलिफोर्नियातील मेन्लो पार्क येथे, एका घराच्या मोटारखान्यात, ही कंपनी थाटली. इंटरनेटवरील अफाट माहितीतून हवी ती गोष्ट क्षणात शोधून देणे हे तिचे मूळ काम, आणि त्या शोधाच्या शेजारी जाहिराती दाखविणे हे तिच्या कमाईचे मुख्य साधन. ही कंपनी निवडण्याचे कारण असे की, नोकरीची जागा कशी असावी याचा एक नवाच नमुना तिने घातला आणि जगभरच्या कंपन्यांनी तो उचलला. २००७ साली अमेरिकेतील ‘फॉर्च्यून’ मासिकाने उत्तम नोकरीच्या ठिकाणांची यादी छापली, तेव्हा गूगलचे नाव तीत प्रथमच आले आणि आले ते थेट पहिल्या क्रमांकावर.

तेथे काम करणाऱ्यांना आवडते तरी काय? पहिले उत्तर बहुतेक सर्वांच्या तोंडी असते, ते म्हणजे जेवण. १९९९ साली, कंपनीत माणसे अवघी चाळीसएक असताना, चार्ली एअर्स नावाचा आचारी नेमला गेला आणि सर्वांना फुकट जेवण सुरू झाले. पुढे भोजनगृहे वाढली. त्यांच्या जोडीला व्यायामशाळा आल्या, घरून ने-आण करणाऱ्या बसगाड्या आल्या, अंग रगडून देणारी माणसेही आली. येथे कोणी विचारील, कंपनीला हा दानधर्म कशासाठी सुचला? तो दानधर्म नाही. गिरणीतल्या कामगाराने किती वार कापड काढले हे मोजता येते. संगणकाच्या आज्ञावली लिहिणाऱ्याचे तसे नाही. त्याचे डोके ताजे राहिले तर तासाभराचे काम महिन्याच्या कामापेक्षा मोलाचे ठरते. शिवाय जेवायला बाहेर जाणाराचा वेळ जातो. आणि आतल्या आत, निरनिराळ्या खात्यांची माणसे एका पंगतीस बसली की एकाची अडचण दुसऱ्याच्या कानी पडते व तेथल्या तेथे सुटते. तेव्हा ते जेवण फुकट असले तरी कंपनीला ते महागात पडत नाही.

दुसरे सुख सोबत्यांचे. निवड कडक असल्यामुळे शेजारच्या टेबलावर आपल्याहून हुशार माणूस बसलेला असतो, आणि शिकण्याची हौस असणाऱ्यास याहून मोठे भाग्य नाही. तिसरे सुख संपत्तीचे. पगाराबरोबर कंपनीचे शेअर मिळतात. ऑगस्ट २००४ मध्ये ते ८५ डॉलर दराने बाजारात आले आणि आरंभीच्या कित्येक सेवकांचे त्यात आयुष्याचे कल्याण झाले.

परंतु या तिन्हींहून खोल असे चौथे सुख आहे, आणि आमच्या मते सगळी मेख तेथेच आहे. या कंपनीने आपल्या माणसांना शब्द दिला. २००४ साली भागधारकांना लिहिलेल्या पत्रात संस्थापकांनी सांगितले की, नेमून दिलेल्या कामाखेरीज एक पंचमांश वेळ, ज्याने कंपनीचे सर्वाधिक हित होईल असे स्वतःस वाटते त्या कामी लावण्यास आम्ही सेवकांना उत्तेजन देतो. ही नुसती वाच्यता नव्हती. ११ सप्टेंबर २००१ च्या न्यूयॉर्कमधील हल्ल्यानंतर, एकाच घटनेच्या निरनिराळ्या पत्रांतील बातम्या एकत्र वाचता याव्यात म्हणून कृष्ण भरत या भारतीय संशोधकाने आपणहून खटपट केली; २००२ मधील ‘गूगल न्यूज’ त्यातून निघाले. दर आठवड्यास सर्वांची सभा भरे. तीत संस्थापक स्वतः उभे राहत, आणि कालपरवा आलेला पोरसवदा सेवकही त्यांना अडचणीत टाकणारा प्रश्न विचारू शकत असे. ‘वाईट करू नका’ हे कंपनीचे ब्रीदवाक्य होते. एकूण या घरात आपल्याला विचारले जाते, आपल्या बोलण्यास किंमत आहे, ही भावना तेथे होती.

तिचे मोल कंपनीने स्वतःच मोजून पाहिले आहे. आरंभीच्या काळात एकदा वरिष्ठच नकोत म्हणून ते काढून टाकण्याचा प्रयोग झाला. तो काही महिन्यांतच फसला. मग चांगला वरिष्ठ कोणता याची पाहणी झाली व २०११ साली तिचे निष्कर्ष बाहेर आले. उत्तम वरिष्ठाचे आठ गुण निघाले. त्यांत पहिला, हाताखालच्या माणसास शिकवून तयार करणे. आणि तांत्रिक ज्ञान शेवटी! पुढे सुमारे १८० गटांचा अभ्यास झाला. कोणता गट चांगले काम करतो? सर्वांत हुशार माणसांचा? तसे आढळले नाही. ज्या गटात चूक कबूल करण्याची आणि वेगळे मत मांडण्याची भीती वाटत नाही, तो गट पुढे जातो असे दिसले.

आता सलाकडे वळू. काही तक्रारी लहान आहेत. दहा परीक्षांतून तावून सुलाखून आलेल्या मुलास पुष्कळदा एखाद्या पडद्याच्या कोपऱ्यातील बटणाचे काम मिळते; वाघ शिकारीस आणावा आणि त्यास उंदीर राखण्यास बसवावे, तसे त्याला वाटते. बढतीसाठी आपल्या कामाचा पुरावा आपणच गोळा करून मांडावा लागतो. त्यात नव्या गोष्टीचा गाजावाजा करणाराची सरशी होते आणि जुनी गोष्ट नीट चालती ठेवणारा मागे राहतो, असा सूर वारंवार ऐकू येतो. भूमिपूजनास गर्दी आणि डागडुजीस कोणी नाही, हा अनुभव आपल्या नगरपालिकांनाही आहेच! असो.

मोठा सल निराळा आहे. २०१८ साली उघड झाले की, ड्रोन विमानांनी टिपलेली चित्रे यंत्राकडून ओळखवून घेण्याच्या अमेरिकी सैन्याच्या एका योजनेत कंपनी साहाय्य करीत आहे. सुमारे चार हजार सेवकांनी विरोधाच्या पत्रावर सह्या केल्या आणि कंपनीने तो करार पुढे न वाढविण्याचे ठरविले. त्याच वर्षी, लैंगिक गैरवर्तनाचा आरोप असलेल्या एका बड्या अधिकाऱ्यास कंपनी सोडताना ९ कोटी डॉलर मिळाल्याचे वर्तमानपत्रात आले. १ नोव्हेंबर २०१८ रोजी जगातील अनेक शहरांतून मिळून सुमारे वीस हजार माणसे काम सोडून रस्त्यावर आली. लठ्ठ पगार, फुकट जेवण, आणि तरी मोर्चा!

आपल्याकडचा जुना माणूस म्हणेल, ‘ज्याचे मीठ खाल्ले त्याच्यावरच उलटले!’ आम्हाला तसे वाटत नाही. मिठाला जागणे म्हणजे गप्प राहणे नव्हे. घर चुकीच्या वाटेने जाताना बोलणे हेही मिठाला जागणेच आहे. हे घर तुमचे आहे असे ज्यांना वर्षानुवर्षे सांगितले, ती माणसे घरच्यासारखी बोलली, इतकेच.

त्यानंतर मात्र दार हळूहळू लोटले गेले. २०१९ मध्ये ती साप्ताहिक सभा मासिक झाली व तीतील प्रश्न धंद्यापुरते राहिले. कंपनीची बाजूही ऐकली पाहिजे. सभेतील बोलणी बाहेर फुटू लागली होती; आणि मोटारखान्यात चालते ते लाखाच्या वस्तीत चालेलच असे नाही. २०२१ मध्ये काही सेवकांनी आपली संघटना काढली. इस्राएल सरकारशी झालेल्या एका कराराविरुद्ध २०२४ च्या एप्रिलमध्ये काहींनी कचेरीत धरणे धरले, तेव्हा प्रथम २८ जणांना आणि मागाहून आणखी काहींना कामावरून काढण्यात आले. सहा वर्षांपूर्वी ज्या आवाजाने करार मागे घेतला गेला, त्याच जातीच्या आवाजाची किंमत आता नोकरी ही झाली होती.

आणखी एक गोष्ट पंगतीत बसूनही दिसत नाही. ‘न्यूयॉर्क टाइम्स’ने प्रसिद्ध केलेल्या मार्च २०१९ च्या आकड्यांप्रमाणे, कंपनीचे कायम सेवक १,०२,००० होते आणि कंत्राटी व तात्पुरते १,२१,०००. कायमच्यांचे ओळखपत्र पांढरे, कंत्राटी माणसाचे लाल. एकाच इमारतीत, पुष्कळदा एकाच कामावर. परंतु शेअर, रजा आणि सभेतील जागा यांत जमीनअस्मानाचे अंतर.

मग आली २० जानेवारी २०२३ ची सकाळ. कंपनीने १२,००० माणसे, म्हणजे शेकडा सहा, कमी केल्याचे जाहीर केले. अमेरिकेत कित्येकांना हे ई-मेलने कळले. काहींचा संगणकच उघडेना, तेव्हा कळले. पैशाच्या बाबतीत कंपनीने हात आखडला नव्हता. तेथील सेवकांना किमान सोळा आठवड्यांचा पगार देऊ केला होता. पण आमच्या घरांच्या दृष्टीने एक बारकावा महत्त्वाचा आहे. एच-१बी परवान्यावर गेलेल्या आपल्या मुलांना नोकरी सुटल्यावर दुसरी मिळविण्यास, वा राहण्याची दुसरी कायदेशीर सोय लावण्यास, साठ दिवसांची मुदत असते. एरवी देश सोडावा लागतो. घराचे कर्ज, मुलांची शाळा, सारे त्या साठ दिवसांत. तेव्हा फोनवरचा आवाज का उतरतो, याचे एक उत्तर येथे आहे.

या सर्वांचे तात्पर्य काय? आमच्या मते माणसाला या नोकरीत जे सर्वांत आवडते आणि जे सर्वांत खुपते, ती दोन नाणी नसून एकाच नाण्याच्या दोन बाजू आहेत. जेवण नसते तरी माणूस डबा नेऊन सुखाने काम करता. पण ‘तू घरचा आहेस’ असे सांगून मागाहून पाहुणा ठरविले की, त्याचे दुःख भाड्याच्या घरातून निघण्याच्या दुःखाहून मोठे असते. नोकरी गेल्याचे दुःख आहेच. परंतु वीस वर्षे ज्याला प्रश्न विचारू दिला, त्याला निरोपाचा शब्दही समोरासमोर मिळू नये, हा सल त्याहून खोल जातो.

म्हणून मुलाला नोकरी लागली की पेढे अवश्य वाटावेत. पगारही विचारावा, त्यात गैर काही नाही. पण वर्षभराने तो घरी आला की जेवताना एक प्रश्न आणखी विचारावा : ‘तिथे तुझे ऐकतात का रे?’ आणि ‘नाही’ असे उत्तर आले, तर ‘एवढा पगार आहे, मग रडतोस कशाला’ असे म्हणून त्याचे तोंड बंद करू नये. कंपनीत त्याचे कोणी ऐकत नसेल, तर निदान घरात तरी ऐकले जावे.