भंगारातली काच आणि तिची मजुरी

अमेरिकेतल्या अलाबामा राज्यातल्या हेल काउंटी या गरीब, ग्रामीण मुलखात १९९३ साली ऑबर्न विद्यापीठाच्या सॅम्युएल मॉकबी आणि डी. के. रूथ या दोघा वास्तुशिल्पींनी ‘रूरल स्टुडिओ’ सुरू केला. विद्यार्थ्यांनी तिथेच राहायचं, लोकांशी बोलून आराखडा करायचा आणि बांधकामही आपल्याच हातांनी करायचं, अशी ही शाळा. मेसन्स बेंड या वस्तीत २००० साली तिने बांधलेलं समाजमंदिर जगभर गाजलं. त्याच्या भिंती ठोकून घट्ट केलेल्या मातीच्या. वर शेव्हरले कॅप्रिस गाड्यांच्या पुढच्या काचा, कौलांसारख्या एकीवर एक चढवलेल्या. शिकागोच्या भंगारातून अशा ८० काचा १२० डॉलरना मिळाल्या. हा आकडा इतका गोड आहे, की भंगारातून स्वस्तात इमारत होते असा निष्कर्ष अनेकांनी काढला. मला तो पटत नाही. काच फुकटात पडली, तरी मूळ गाडीसाठी वळवलेली ती काच छपरावर बसवून पाऊस बाहेर ठेवायचा, तर डोकं आणि हात महिनोन्‌महिने लागतात. इथे ती मजुरी विद्यार्थ्यांच्या अभ्यासक्रमात जिरली, म्हणून हिशेबात दिसली नाही.

स्टुडिओची पुढची वाटचालच याची साक्ष देते. २००५ पासून त्याने साहित्य आणि मजुरी धरून वीस हजार डॉलरमध्ये बसणाऱ्या घरांचा ध्यास घेतला, तेव्हा भंगार बाजूला पडलं आणि बाजारात सहज मिळणारं लाकूड आलं. साहजिकच आहे: घर पुन्हापुन्हा, कुणाही गवंड्या-सुताराला बांधता यायला हवं. सार्वजनिक जागा मात्र एकदाच होते. ग्रीन्सबरो गावच्या लायन्स पार्कमध्ये पुदिन्याच्या तेलाचे सुमारे दोन हजार रिकामे पिंप रचून मुलांसाठी भुलभुलैयासारखं खेळाचं मैदान केलं, ते तसंच दुसरीकडे करायची गरजच नव्हती.

गरिबांच्या माथी टाकाऊ माल आणि विद्यार्थ्यांचे प्रयोग मारले जातात, हा आक्षेप जुना आहे आणि तो झटकून टाकण्याजोगा नाही. उद्या काच तडकली तर नेमकी तशीच आणायची कुठून? पण या आक्षेपाचा रोख भंगारावर असण्यापेक्षा बांधून निघून जाणाऱ्यांवर असायला हवा. लायन्स पार्कवर २००६ पासून विद्यार्थ्यांच्या एकामागून एक तुकड्या काम करत आल्या. आधीच्या तुकडीने केलेलं पुढच्या तुकडीच्या डोळ्यांसमोर झिजतं, आणि दुरुस्तीही तिच्याच अंगावर येते.