सुईण, घर आणि इस्पितळ

बाळंतपण घरी व्हावे की इस्पितळात, हा प्रश्न निघाला की आपल्याकडे लगेच दोन पक्ष पडतात. एक पक्ष आजीच्या बारा बाळंतपणांचा दाखला देतो. दुसरा अडलेल्या बाळंतिणींच्या मृत्यूंकडे बोट दाखवतो. त्या बारांपैकी मुले जगली किती, हे पहिला पक्ष सहसा सांगत नाही. आणि इस्पितळाची पायरी चढली की सारे कुशलच होते काय, हे दुसरा विचारत नाही. म्हणून जागेचा वाद क्षणभर बाजूला ठेवून आपण निराळा प्रश्न घेऊ. कळा सुरू झालेल्या बाईपाशी कोण असते, त्याला काय येते, आणि वेळ आलीच तर त्याच्या पाठीशी काय असते?

या प्रश्नाचे मोल पटवणारी हकीकत व्हिएन्ना शहरातली आहे. तेथील मोठ्या सार्वजनिक इस्पितळात प्रसूतीचे दोन विभाग होते. पहिल्यात वैद्यकीचे विद्यार्थी शिकत, दुसऱ्यात सुइणी. इस्पितळ एकच, येणाऱ्या बायका सारख्याच गरीब; दाखल करून घेण्याचे दिवस तेवढे दोन विभागांत वाटून दिलेले. १८४६ साली पहिल्या विभागात शेकडा अकरांहून अधिक बाळंतिणी दगावल्या. सुइणींच्या विभागात तिनांहूनही कमी. बायकांना हे ठाऊक होते. पहिल्या विभागात नेऊ नका, म्हणून त्या गयावया करीत. वाटेतच बाळंत होऊन आलेल्या बाईलाही सूतिकाज्वर त्या मानाने क्वचितच होई.

तेथील तरुण डॉक्टर इग्नाझ सेमेलवाइस यांना या कोड्याने झोप येईना. १८४७ च्या मार्चमध्ये त्यांचे एक स्नेही प्राध्यापक शवविच्छेदनाच्या वेळी बोटाला सुरी लागून त्याच तऱ्हेच्या आजाराने वारले, आणि उलगडा झाला. डॉक्टर व विद्यार्थी शवविच्छेदन करून तसेच बाळंतिणीला तपासायला येत. सुइणींच्या कामात शवविच्छेदन नव्हते. सेमेलवाइस यांनी मे महिन्यात क्लोरीनच्या पाण्याने हात धुण्याची सक्ती केली. एप्रिलमध्ये शेकडा अठरांवर गेलेले मृत्यूंचे प्रमाण जूनमध्ये दोनांच्या घरात आले. सुइणी अधिक विद्वान होत्या असे नव्हे. त्यांचे हात स्वच्छ होते.

आता हाच निकष आपल्या जुन्या सुइणीला लावला पाहिजे, आणि तेथे भाबडेपणा उपयोगी नाही. घरातल्या विळ्याने किंवा जुन्या पात्याने नाळ कापली जाई. कोठे कोठे नाळेवर राख वा शेण लावले जाई. पाचवी पुजण्याच्या सुमारास बाळ दूध ओढेनासे होई, त्याचे अंग ताठ होई, आणि ते जाई. तो धनुर्वात होता. गर्भारपणी आईला लस, प्रसूतीच्या वेळी स्वच्छ हात, निर्जंतुक पाते आणि कोरडी नाळ एवढ्या साध्या उपायांनी त्याला आळा बसला. २०१५ साली भारतातून माता व नवजात बालकांच्या धनुर्वाताचे निर्मूलन झाल्याचा निर्वाळा मिळाला.

परंतु सुईण म्हणजे केवळ अज्ञान, असेही नव्हे. तिला वाट पाहता येत असे. ती बाईला एकटी सोडत नसे. तिला चालवी, बसवी, पाठ चोळी, धीर देई. बहुतेक बाळंतपणांना एवढेच पुरे होते. अडचण उरलेल्या थोड्यांची. वार पडल्यावर सुरू झालेला रक्तस्राव धडधाकट बाईचाही प्राण काही तासांत घेऊ शकतो. तेथे इंजेक्शन लागते, दुसऱ्याचे रक्त लागते, प्रसंगी शस्त्रक्रिया लागते. माया पुरत नाही. शिवाय हे संकट पुष्कळदा सूचना न देता येते. म्हणून घरच्या बाळंतपणाचा विचार करताना इस्पितळ किती लांब, हे आधी पाहावे लागते.

हॉलंडने हा हिशेब नीट मांडला. तेथील सुईण शिकलेली, परवानाधारक व स्वतंत्र असते. कोणत्या बाईला घरी बाळंत होता येईल आणि कोणत्या लक्षणावर तिला तज्ज्ञाकडे पाठवायचे, याची यादी ठरलेली आहे. कळा घरी सुरू होऊनही वाटेत बेत बदलतो, आणि त्यात कोणी कमीपणा मानत नाही. १९६० च्या दशकात तेथील निम्म्याहून अधिक मुले घरी जन्मत. पुढे ते प्रमाण बरेच उतरले, पण सुइणीचा मान उतरला नाही.

आपल्याकडे गडचिरोलीत डॉ. अभय व डॉ. राणी बंग यांनी दुसरे एक सत्य दाखवले. ३९ गावांत त्यांनी गावातल्याच बायकांना नवजात बाळाची काळजी घेण्याचे शिक्षण दिले. बाळाला ऊब देणे, श्वास तपासणे, जंतुदोष ओळखून औषध देणे हे त्या घरोघर जाऊन करू लागल्या. १९९९ साली प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार, तुलनेसाठी घेतलेल्या गावांच्या मानाने तेथील नवजात बालमृत्यू सुमारे ६२ टक्क्यांनी घटले. शिकवले, साधने दिली आणि विश्वास ठेवला, तर गावातली बाई काय करू शकते, याचा हा पुरावा होय.

१९९२-९३ साली भारतात शंभरांपैकी सुमारे २६ बाळंतपणे संस्थांमध्ये होत. २०१९-२१ पर्यंत ती ८९ च्या आसपास गेली. दर लाख जिवंत जन्मांमागे मातामृत्यू २००४-०६ मध्ये २५४ होते, ते २०१८-२० मध्ये ९७ वर आले. या घटीमागे इतरही कारणे आहेत. तरी इस्पितळाचे श्रेय नाकारणे कृतघ्नपणाचे ठरेल. मात्र त्याच २०१९-२१ च्या पाहणीत खासगी संस्थांतील शंभरांपैकी ४७ बाळंतपणे पोट चिरून झालेली आढळली. सरकारी संस्थांत १४. एवढा फरक केवळ स्त्रियांच्या शरीरांत असेल, हे मनाला पटत नाही. जिथे थांबायला कोणाला सवड नसते, तिथे सुरी लवकर निघते.

म्हणूनच २०१८ साली केंद्र सरकारने परिचारिकांना १८ महिन्यांचे खास शिक्षण देऊन प्रसूतितज्ज्ञ सुइणी तयार करण्याचे धोरण आखले, याचे महत्त्व मोठे आहे. जुन्या सुइणीचा धीर आणि नव्या शास्त्राचे हात एकाच बाईच्या ठायी यावेत, असा त्याचा अर्थ.

आपल्या घरात लेक-सून गर्भार असेल, तर नाव घालताना खोलीचे भाडे विचारतो तसे तीन प्रश्नही विचारावेत. कळा सुरू झाल्यापासून तिच्याजवळ कोण बसणार? सर्व सुरळीत असेल, तर तुम्ही वाट पाहणार ना? आणि रक्त लागले, तर ते किती वेळात मिळेल? उत्तरे नीट मिळेपर्यंत तेथून उठू नये.