गाडीभाड्यापलीकडचा हिशेब

वाण्याकडून आणलेल्या साबणाच्या वडीवर किंमत छापलेली असते. पण ती वडी कारखान्यातून दुकानापर्यंत आणण्यास किती खर्च आला, हे त्यावर नसते. हा खर्च म्हणजे ट्रकचे भाडे, असा सर्वसाधारण समज आहे. प्रत्यक्षात गोदामाचे भाडे, साठ्यात अडकलेल्या भांडवलावरील व्याज, हमाली, विमा, मालाची नासधूस आणि माल वेळेवर न पोहोचल्याने बुडालेली विक्री हे सारे त्यात मोडते. यातला एक घटक कमी करायला जावे, तर बहुधा दुसरा वाढतो. म्हणूनच ‘लॉजिस्टिक्स’चा खर्च सुटा सुटा न पाहता एकत्रित मांडावा लागतो.

समजा, एक कोटी रुपयांचा माल पाठवायचा आहे आणि भांडवलावरील व्याज वर्षाला १२ टक्के आहे. हा माल वाटेत असताना दररोज सुमारे ३ हजार ३०० रुपयांचे व्याज चढत राहते. संथ मार्गाने पाच दिवस जास्त लागत असतील, तर साडेसोळा हजार रुपयांच्या आसपास खर्च वाढतो. जलद वाहतुकीचे जादा भाडे त्याहून कमी असेल, तर वरकरणी महाग दिसणारा पर्यायच स्वस्त ठरतो.

गोदामांचेही तसेच आहे. पूर्वी एका राज्यातून दुसऱ्या राज्यात थेट विक्री केल्यास केंद्रीय विक्रीकर द्यावा लागे. तो वाचवण्यासाठी अनेक कंपन्यांनी राज्याराज्यांत गोदामे थाटली. मुंबईच्या जकात हद्दीबाहेर असणे हे भिवंडी परिसरात गोदामे फोफावण्याचे एक प्रमुख कारण होते. म्हणजे माल कोठे ठेवायचा, हे अंतर वा मागणीपेक्षा कर ठरवत होता. १ जुलै २०१७ रोजी वस्तू व सेवा कर लागू झाला आणि मुंबईतील जकातही संपली. त्यानंतर अनेक छोट्या गोदामांऐवजी मोजकी मोठी गोदामे ठेवण्याकडे कल वाढला. मुंबईची बाजारपेठ, महामार्ग आणि बंदर जवळ असल्याने भिवंडीचे महत्त्व मात्र टिकून राहिले.

यामागे साधे गणित आहे. अचानक वाढणाऱ्या मागणीसाठी प्रत्येक गोदामात राखीव साठा ठेवावा लागतो. गोदामे एकत्र केली, की एका भागातील वाढ दुसऱ्या भागातील घटीने भरून निघते. सर्व भागांतील मागणी सारखी आणि परस्परांवर अवलंबून नसलेली असेल, तर सोळा गोदामांची चार केल्यावर राखीव साठा सुमारे निम्म्यावर येतो. पण ग्राहकापर्यंतचे अंतर वाढते आणि वाहतूक महागते. या दोहोंची बेरीज कोठे सर्वांत कमी होते, याचा शोध घेणे म्हणजेच खर्चाचे ‘मॉडेल’ तयार करणे.

अर्थात मॉडेल त्यात घातलेल्या आकड्यांइतकेच विश्वासार्ह असते. भारताचा लॉजिस्टिक्स खर्च सकल देशांतर्गत उत्पादनाच्या १३ ते १४ टक्के असल्याचे वर्षानुवर्षे सांगितले जात होते. २०२२ साली राष्ट्रीय लॉजिस्टिक्स धोरण आले आणि शास्त्रशुद्ध मोजणीवर भर देण्यात आला. केंद्र सरकारसाठी ‘एनसीएईआर’ने तयार केलेल्या, २०२५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अहवालात २०२३-२४ साठी हे प्रमाण ७.९७ टक्के असल्याचे नमूद केले आहे. मोजण्याची पद्धत बदलली, की निष्कर्ष किती बदलतो, याचे हे बोलके उदाहरण आहे.

देशाची सरासरी काहीही असो, लहान उद्योजकाला त्याचा स्वतःचा आकडा ठाऊक असणे महत्त्वाचे. मोठी कंपनी ट्रक भरून माल पाठवते. अर्धा ट्रक माल असणाऱ्याला प्रत्येक नगामागे जास्त भार सोसावा लागतो. त्याने महागड्या संगणकप्रणालीची वाट पाहण्याची गरज नाही. प्रत्येक मागणीसमोर भाडे, साठवण, व्याज, नुकसान आणि परत आलेला माल असे पाच रकाने वहीत मांडले, तरी कोणता ग्राहक खरोखर नफा देतो आणि कोणाला घरचे घालून माल पोहोचवला जातो, हे काही महिन्यांत स्पष्ट होईल.